वहीत राहून गेलेले धान

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही ठाऊक नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही चुकायचे, आता तर बोटेही ऐकत नाहीत. चार माणसांत बोलायची मला पहिल्यापासून लाज. पण एका वर्षाची भीती माझ्या मनात इतकी वर्षे बसून आहे, ती कागदावर उतरली तर उतरेल म्हणून लिहिते.

माझे सासर नागभीडपासून बैलगाडीने दोन तासांवर. तलावाखालची शेती, सगळीकडे धान. आमच्याकडे दोन्ही वेळ भातच शिजतो. पण धान म्हणजे तांदूळ नव्हे. धानाचा तांदूळ करायला बाईला उखळापाशी उभे राहावे लागे. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी गावात मुसळांचा आवाज सुरू व्हायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला तो आवाज आवडला होता. महिन्याभरात आवडेनासा झाला. हाताला फोड यायचे, फुटायचे, त्याच हाताने पुन्हा मुसळ धरायचे. गरोदर बाईही कांडायची. घरी आठ माणसे असली तर अर्धा दिवस त्यातच जाई.

शेजारी एक विधवा बाई एकटी राहायची. वैनगंगेपलीकडून गडचिरोलीकडची होती. ज्यांच्या घरी हात कमी त्यांच्याकडे ती कांडायला जायची आणि मजुरीत थोडा तांदूळ आणि कणी आणायची. गाव तिला कांडणारीच म्हणे. मी तिला मावशी म्हणायची. माझ्याशी ती बरे बोलायची, कारण मी उलटून बोलत नसे.

माझे घरधनी लग्नाआधीपासून चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, एका कोळसा खाणीत पाण्याच्या पंपावर होते. पंपाचे इंजिन त्यांना आवाजावरून समजायचे. पाच वर्षांची बचत घेऊन ते एक दिवस घरी आले ते वरोऱ्याहून जुने तेलाचे इंजिन आणि धान भरडायचा हलर दोन गाड्यांत घालूनच. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. मामाजी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वावर घ्याचं सोडून लोखंड घेऊन आला. हे लोखंड का धानासारखं पोटरीत येते?" घरधनी हसून म्हणाले, "येते जी बाबा, बारा महिने येते."

पहिल्या दिवशी कोणी धान आणले नाही. सगळे नुसते पाहायला आले. इंजिन सुरू झाले तेव्हा कुत्री पळाली आणि एका म्हाताऱ्या माणसाने हात जोडले. मग एका बाईने भीत भीत दोन पायल्या धान ओतले. तांदूळ निघाला तो तिने ओंजळीत घेतला, चावून पाहिला, आणि घरी जाऊन पोते घेऊन आली. आठ दिवसांत रांग लागली.

आमची मजुरी होती वीस पायल्यांमागे एक पायली तांदूळ. कोंडा आमच्याकडे राहायचा. ज्याला कोंडा हवा त्याने दोन आणे जास्त द्यायचे. पुढल्या वर्षी दोन कोसांवरच्या गावात दुसरा हलर आला. त्याने पंचवीस पायल्यांमागे एक पायली घ्यायला सुरुवात केली. आमचे घरधनी चार दिवस चिडून होते आणि पाचव्या दिवशी आम्हीही पंचवीसच केले. मला तेव्हा वाटले, यात आपले नुकसान झाले. पण दर उतरल्यावर जे आधी घरीच कांडायचे तेही यायला लागले आणि इंजिन दुपारपर्यंत चालायचे ते संध्याकाळपर्यंत चालू लागले.

आता माझी चूक सांगते.

आमच्या भागात धानाचा हिशेब भिंतीवर असे. दुसऱ्याचे धान आपल्या घरी आले की पोत्यामागे कोळशाची एक रेघ भिंतीवर ओढायची. धनी आपला माल घेऊन गेला की शेणामातीचा हात फिरवून रेघ पुसायची. भिंत कोरी असली की कोणाचे काही आपल्याकडे नाही. लहानपणापासून मी हेच पाहिले. गिरणीवरही आधी असेच चालले. पण पोती वाढली, रेघा वाढल्या, आणि एकदा दोघी बायांचे भांडण झाले की डाव्या बाजूच्या रेघा कोणाच्या. तेव्हा घरधन्यांनी नागभीडच्या बाजारातून लांबोडी वही आणून माझ्या हाती दिली. म्हणाले, "तुले लिहिता येते ना, मंग लिही."

मला केवढा आनंद झाला. शाळा सुटल्यापासून माझ्या हाती टाक आला नव्हता. ज्याचे धान येईल त्याचे मी वहीत लिहू लागले. अमकीची तीन पोती, तमक्याचे एक. भिंतीवर रेघही चालूच होती; तांदूळ गेला की ती पुसायची. वहीत मात्र काहीच करायची नाही. ज्याचे होते त्याने नेले, त्यात लिहायचे काय? आणि लिहिलेल्यावर काट मारायची तर शाळेत वहीत खाडाखोड दिसली की गुरुजी हातावर छडी देत. वही स्वच्छ ठेवायची एवढेच मी शिकले होते. असे मी सव्वा वर्ष लिहिले. येणारे सगळे लिहिले, जाणारे एकही नाही.

त्या सव्वा वर्षात गाव बदलत होते. ज्या बाया सकाळी कांडत बसायच्या त्या धानाची रोपे लावायच्या रोवणीला पूर्ण दिवसाच्या मजुरीने जाऊ लागल्या. कोणी चटया विणू लागली. तलावातली मासळी नवऱ्याने आणली की ती घेऊन बाई त्याच दिवशी बाजारात पोहोचू लागली, आधी घरच्या कांडणापायी मासळी शिळी व्हायची. हे कोणी सांगून झाले नाही. हात मोकळे झाले आणि ज्या त्या हाताने आपले काम शोधले.

सगळ्यांचे चांगले झाले असे मी लिहिणार नाही. मावशीचे वाईट झाले. तिला कांडायला कोणी बोलवेना. पहिले सहा महिने ती दिवसातून एकदाच जेवायची हे मला माहीत होते. मी कणी द्यायला गेले तर तिने टोपली दारातूनच परत केली. "तुह्या मिसनीची कणी मले घशाखाली नाई उतरत," म्हणाली. मी रडत घरी आले. मग त्या हिवाळ्यात तिने आपली धान ठेवायची कोठी विकून मोठी कढई घेतली आणि मुरमुरे फोडायला लागली. मुरमुऱ्यासाठी उकडलेले धान भरडून लागते. ते हाताने कांडायला दोन दिवस जायचे, आमच्याकडे घटकाभरात व्हायचे. नागभीडच्या बाजारात ती पोतेभर मुरमुरे विकून यायची. वर्षाच्या शेवटी तिने कानात सोन्याचे बारीक का होईना फूल घातले. मग माझ्याशी बोलू लागली.

आमच्या घरावर त्याच वर्षी टिनपत्रे आली. बाकी गाव मातीच्या कवेलूंचे आणि गवताचे. टिनावर पाऊस पडला की सगळ्या गल्लीला ऐकू जायचे. मला त्याचीच भीती वाटे. लोक वर पाहून जात आणि मला वाटे, आपले जास्त दिसते आहे. घरधनी म्हणत, "कोनाचं हिसकून आनलं का आपन?" नव्हते आणले. तरी मी अंगणात जाताना डोक्यावर पदर ओढून जायची.

साहेब आले ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. सायकलवर एक साहेब, मागून दुसऱ्या सायकलवर शिपाई. कर-कचेरीचे होते. मी दाराआड उभी. साहेबांचा स्वभाव वाईट नव्हता, पाणी मागितले, पाणी चांगले आहे म्हणाले. मग वही मागितली. घरधन्यांनी अभिमानाने दिली. साहेब खाटेवर बसून पाने उलटत होते आणि शिपाई आकडे मांडत होता. मला वाटले, आता चांगले म्हणतील.

साहेब म्हणाले, "एकही खाडाखोड नाही. कोण लिहितं?"

"घरची लिहिते जी."

"वर्षभरात दीडशे खंडीच्या वर धान आलं आहे. पण गेल्याची एकही नोंद नाही. मग हा माल कुठे गेला?"

"लोकांचा होता जी, लोकाईनं नेला."

"नेल्याचं लिहिलेलं दाखवा."

घरधन्यांनी दाराकडे पाहिले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.  साहेबांनी दाराकडे पाहिलेच नाही. "म्हणजे तुम्ही धान घेता, तांदूळ करून विकता. परवाना नाही, कर भरलेला नाही," एवढे बोलून त्यांनी वही शिपायाकडे दिली. वही गेली.

महिन्याने लाल शिक्क्याचा कागद आला. कर आणि दंड मिळून तीनशे शहाऐंशी रुपये. शिपाई आला होता, त्याने इंजिनाच्या चाकाला तार गुंडाळली आणि त्यावर लाखेची मोहर लावली. पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर इंजिनाचा लिलाव. दाद मागायची तर आधी पूर्ण रक्कम जमा करायची, मग चांद्याच्या मोठ्या साहेबांकडे जायचे. रक्कम जमा केली की मोहर निघेल, एवढेच त्यात बरे होते.

तो कागद घरधन्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. मी वाचत गेले आणि अर्ध्यात मला समजले. चूक माझी होती. भिंतीसारखी वही मी लिहिली आणि भिंतीसारखी पुसली नाही. पण मी ते बोलले नाही. पुढचे वाचले, कागद घडी करून दिला आणि आत जाऊन बसले.  लोक म्हणतात भीतीने तोंड कोरडे पडते. माझ्या तोंडाला पाणी सुटत होते आणि ते गिळता येत नव्हते.

घरधन्यांना वाटले, दोन कोसांवरच्या हलरवाल्याने अर्ज केला. "त्यानंच केलं. आपल्या दराले दर लावला, आता आपली मिसनच बंद कराले निंगाला." ते रोज असेच बोलत. तो माणूस बाजारात भेटला तर यांनी तोंड फिरवले. चौथ्या दिवशी यांनी काठी घेतली आणि जोडा घातला. मामाजी विचारू लागले, "कुठी चालला?" तर ते गोठ्याकडे वळले.

गिरणी बंद असल्याने मी त्या आठवड्यात पुन्हा उखळापाशी उभी होते. दोन कोसांवर धान न्यायला रोज गाडी कोणाकडे, म्हणून साऱ्या गावातून पहाटे पुन्हा तोच आवाज येत होता. टिनपत्र्याखालची मी आणि गवताखालच्या त्या, सगळ्या बाया एकसारख्या झाल्या होत्या. सगळ्यांच्या हातात मुसळ. असे सारखे होणे कोणाला हवे होते हे मला अजून समजलेले नाही.

घरधन्यांच्या हातात काठी दिसली तेव्हा मावशी माझ्या अंगणातच होती. तिचेही धान अडले होते. मी मुसळ टाकले आणि तिच्या कानाशी सगळे बोलले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मले काय सांगून राह्यली? त्याले सांग. तो तिकडं कोनाचं डोस्कं फोडाले चालला."

मी पहिल्यांदा घरधन्यांच्या आडवी उभी राहिले. सगळ्यांसमोर नाही, गोठ्यापाशी. म्हणाले, "अवो, त्या मानसानं काही नाई केलं. माह्या वहीनं केलं." आणि सांगितले. मार खायची माझी तयारी होती. ते काठीवर हात ठेवून बैलांकडे वळले. मग म्हणाले, "मी तरी कुठी पाह्यलं? आलं तेवढंच लिहिते, गेलं ते काऊन नाई, हे मले विचाराले पाह्यजे होतं." काठी त्यांनी गोठ्यात ठेवली. मला वाटले होते, सांगितल्यावर भीती जाईल. गेली नाही. आता ती दोघांची झाली.

तीनशे शहाऐंशी रुपये. टिनपत्रे उतरवून विकली, घर पुन्हा गवताने शाकारले. माझे चांदीचे गोट आणि तोडे गेले. दोनशे तीस झाले. सावकाराकडे मामाजींनी जाऊ दिले नाही. सहा दिवस उरले होते.

मावशी सूप घेऊन घरोघर गेली. आमच्याकडे लग्नकार्याला असे सूप फिरवायची रीत आहे, पण करासाठी कोणी फिरवले नव्हते. मी तिच्या मागे मान खाली घालून. ती दारात उभी राहून म्हणे, "हिच्या मिसनीले सरकारनं कुलूप लावलं. कांडाचं असन तर मुसळ दाखवा, नसन कांडाचं तर सुपात टाका. उधारीनं मांगून राह्यलो, भीक नाई." एक म्हणाली, "टिनाखाली झोपत होते तवा आमाले विचारलं का?" मावशी म्हणाली, "तुह्या हाताले विचार, फोड आले का पुन्हा." तिने हात पाहिला आणि एक रुपया टाकला. कोणी चार आणे, कोणी दोन रुपये, मोठ्या शेतीवालींनी दहा-बारा. एकीने नवऱ्याच्या नकळत दिले आणि सांगू नको म्हणाली. एकतीस जणींनी मिळून एकशे छप्पन्न रुपये दिले. या वेळी मी लिहिले, कोणी किती, आणि शेजारी परत दिले म्हणून एक रकाना कोरा ठेवला. त्या कोऱ्या रकान्याकडे पाहिले की मला धडकी भरायची. कर भरून दाद मागितली आणि साहेबांनी ऐकले नाही, तर हे एकतीस रकाने मी कशाने भरणार? इंजिन तर तीनशेला कोणी घेणार नाही.

पैसे भरले, मोहर निघाली, इंजिन सुरू झाले. पण ते नुसते श्वास घेण्यापुरते होते. साहेबांनी दंड कायम ठेवला असता तर पुढल्या वर्षी तेवढाच पुन्हा लागला असता, आणि तेव्हा विकायला टिनेही नव्हती.

चांद्याला आम्ही तिघे नागभीडहून छोट्या रुळांच्या आगगाडीने गेलो. घरधनी, मी आणि मावशी. वही मी लिहिली म्हणून मला जावे लागले. मावशी म्हणाली, तुह्या तोंडून आवाज निंगत नाई, कोनी तरी पाह्यजे. गाडीत मी डोळे मिटून काय बोलायचे ते मनात पाठ करत होते. चांद्याचा किल्ला दिसला आणि सगळे विसरले.

मोठे साहेब म्हातारे होते. टेबलावर माझी वही होती. वर दोरी बांधलेली, जणू तिनेच काही केले.

"हे सगळं धान लोकांचं, असं तुमचं म्हणणं आहे," साहेब म्हणाले.

घरधन्यांनी माझ्याकडे पाहिले.  मावशीने मला कोपराने ढोसले. "बोल वो. का तोंडालेही मोहर लागली?"

मी बोलले. भिंत, कोळशाच्या रेघा, शेणामातीचा हात, गुरुजींची छडी, सगळे बोलले. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटत होता.

साहेब म्हणाले, "म्हणजे पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलात."

 पण तेवढ्यात मला एक सुचले, कोणी शिकवले नव्हते. मी म्हणाले, "साहेब, आमच्याकडं एकच गाडी हाय. चार महिने गावचा नाला गाडी जाऊ देत नाई. दीडशे खंडीचा तांदूळ आमी नेला कशात? अन् आमचं गाव एवढं लहान, तिथं तांदूळ इकत घेनार कोन? सगळ्याईच्या घरी धान हाय."

साहेबांनी चष्मा लावला, वहीची दोरी सोडली आणि मधलेच एक पान उघडले. "इथे लिहिलं आहे, बोडीवाली, पाच पोती. ही कोण? पाच पोती कशाला लागली तिला?"

मला आठवेना. मावशी म्हणाली, "लहान तळ्यापाशी, बोडीपाशी राह्यते ते जी; तिच्या पोरीचं लगन होतं. भात आन वांग्याची भाजी. मीच वाढत होती. पाव्हन्याईनं दोन पोती एकाच पंगतीत उडवली, मंग आमी हात आखडला."

साहेबांनी आणखी तीन पाने उघडली. एकाच्या घरची तेरवी, एकीचे बाळंतपण, एकाची नागभीडच्या पाहुण्यांना पाठवलेली भेट. मावशीला घराघराचे माहीत होते. चौथे पान उघडले तेव्हा ती म्हणाली, "हे माहं व्हय. मुरमुऱ्याचं."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिले. "तुम्ही आधी काय करत होता?"

"कांडत होती."

"मग गिरणीनं तुमची मजुरी घालवली. सरकारला तुमच्यासारख्यांचीच काळजी आहे. तुम्ही यांच्या बाजूनं का बोलता?"

मावशी म्हणाली, "घालवली जी, खोटं काऊन बोलू? सहा महिने मी हिच्या दाराकडं पाहून थुकत होती. उपाशी होती, तवा सरकारही नाई आलं अन् हेही नाई." मी खाली पाहिले. मी गेले होते, पण पोटभर होईल असे काही मी केले नव्हते. ती पुढे म्हणाली, "पन आता मले पुन्हा कांडाले लावानं माही काळजी होते का? हे हात पाहा. तुमच्या घरी कोन कांडते जी?"

साहेब हसले नाहीत, पण शिपाई तोंड फिरवून हसला. मावशीने विचारले, "मुरमुऱ्यावर कर हाय का?"

"अजून नाही."

"मंग लवकर निकाल द्या, लावाच्या आधी."

आता साहेबही हसले. निकाल मात्र त्या दिवशी दिला नाही. महिन्याने कागद आला. मी तो तीनदा वाचला, कारण पहिल्या दोनदा अक्षरे हलत होती. धान लोकांचे होते, विक्री सिद्ध होत नाही, कर आणि दंड रद्द, जमा रक्कम परत मिळावी. पुढे नोंद दोन्ही बाजूंनी ठेवावी, असेही लिहिले होते.

परत मिळावी, पण कधी? त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कागद नागपूरला, मग मुंबईला, मग पुन्हा चांद्याला. घरधनी दोनदा जाऊन आले. कोणी म्हणे खाते बदलले, कोणी म्हणे नवे छापील कागद यायचे आहेत. माझी भीती आता नव्या जागी गेली. पाणी भरायला गेले की वाटे, दोघी बोलत आहेत त्या आपल्याबद्दलच. एकीने विचारलेही, "का वो, सरकारनं दिले अन् तुमी दाबले, असं त नाई ना?" ती हसत बोलली. मी तीन दिवस विहिरीवर गेले नाही.

कर नकोच असे मी म्हणत नाही. मी ज्या शाळेत शिकले ती करातूनच चालली असेल, नागभीडचा रस्ताही. पण इतके मला समजते की सरकारने आमचे तीनशे शहाऐंशी धरून ठेवले ते सरकारला फार नव्हते. आमच्याकडे ते दहा महिने नव्हते तर इंजिनाचा एक पट्टा तुटला तो बदलता आला नाही, गिरणी निम्मी चालली, आणि मावशीला दोन बाजार मुरमुऱ्याविना गेले. जिथे पैसा काम करत होता तिथून काढून त्याला कपाटात झोपवले. दुसऱ्या गावच्या हलरवाल्याने शेवटी आपला जुना पट्टा आम्हाला अर्ध्या किमतीत दिला. ज्याला मारायला घरधनी काठी घेऊन निघाले होते तोच तो. त्याच्याकडे फार गर्दी होत होती, त्याचेही इंजिन तापत होते.

पैसे आले ते नवे पैसे निघाल्यानंतर. घरधन्यांनी चांद्याहून नोटा आणल्या आणि बाकी नव्या लहान नाण्यांत. गावात ती नाणी फारशी कोणी पाहिली नव्हती. मी दारात बसले आणि एकेकीला बोलावले. रुपये सोपे होते. आण्यांनी घोळ झाला. चार आण्यांचे पंचवीस पैसे, हे बायांना पटे. दोन आण्यांचे साडेबारा, ते कसे द्यायचे? मी तेरा दिले. ज्या जागी तुकडा येई तिथे मी वरचा पैसा दिला, म्हणजे कोणाच्या मनात राहू नये. मावशीने तीन आणे दिले होते रुपयांवर, तिला मी एकोणीस पैसे दिले तर ती नाणे दाताखाली घेऊन म्हणाली, "एवढी बारीक लक्ष्मी? मुरमुऱ्यात पडली त दिसायची नाई."

तीस जणींचे संध्याकाळपर्यंत दिले. एकतिसावी राहिली. ज्या बाईने नवऱ्याच्या नकळत दिले होते ती तो वारल्यावर मुलीकडे नदीपलीकडे राहायला गेली होती. मावशी म्हणाली, कोनासंगं पाठव. मला ते नको होते. पैसे मध्येच कुठे गेले तर माझा एक रकाना कोरा राहील, आणि तेवढ्या एकाने मला झोप येणार नाही.

नदीचे पाणी अजून चढले नव्हते. मी मावशीला घेऊन डोंग्यात बसले. डोंगा म्हणजे एका झाडाचे कोरलेले खोड, बाजूला वाकले की पाणी आत येते. मी जन्मात कधी नदी ओलांडली नव्हती. नावाडी म्हणाला, "हलू नको बाई." मी मुठीत पैसे धरून सबंध वेळ पायांकडे पाहत बसले.

ती बाई अंगणात मोहाची फुले वाळत घालत होती. तिने मला ओळखले नाही, मग ओळखले. मी दोन रुपये आणि तेरा पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने नवी नाणी उलटसुलट पाहिली, मुलीला हाक मारून दाखवली, आणि मला विचारले, "एवढ्यासाठी नदी ओलांडली?" मी हो म्हणाले. तिने पैसे मोजले, पदराच्या टोकाला गाठ मारली, आणि म्हणाली, "फिटले." मी तिथेच खाली बसून वही काढली आणि तिच्या नावापुढे परत दिले असे लिहिले.